पुंगळीच्या आतलं तेल

खोबरेल तेल थंडीत गोठतं हे मराठी माणसाला शाळेत शिकवावं लागत नाही. बाटली उन्हात ठेवायची, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची, हे मला पाचव्या वर्षी ठाऊक होतं. तरी चौतिसाव्या वर्षी, दुबईत, रायफलीच्या काडतुसांच्या कामात मी त्यावरच माती खाल्ली. विसरलो असं म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. मला चांगलं आठवत होतं, आणि त्यातच मी अक्कल पाजळली. ती निस्तरावी लागली दुसऱ्याला, म्हणून इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय.

मी शहराबाहेर वाळूत असलेल्या एका शूटिंग क्लबात नोकरीला होतो. सभासद तिथे टार्गेटवर रायफली झाडायचे. काडतूस झाडलं की मागे पितळेची रिकामी नळी उरते, तिला आपण पुंगळी म्हणतो. ती फेकून द्यायची नसते. धुवायची, पुन्हा मापात आणायची, ठिणगी पाडणारं नवं प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची, की काडतूस परत तयार. क्लबाकडे त्याचा रीतसर परवाना होता आणि त्या खोलीचा सुपरवायझर मी होतो. देशात एका सरकारी दारूगोळा कारखान्यात नऊ वर्षं काढून आलो होतो, त्यामुळे मला फार माज होता. कारखान्यात असं करतात, कारखान्यात तसं करत नाहीत, हे दिवसातून दहादा माझ्या तोंडून निघायचं. बायको म्हणायची, मग तिथेच राहायचं होतं की!

खोलीत आम्ही सहाजण होतो. मंदी आली आणि महिन्याला एक असे चार गेले. तेव्हा शुक्रवार-शनिवार सुटी असायची, म्हणून माणसाला काढायचं ते गुरुवारी दुपारी. गुरुवारी इंटरकॉम वाजला की सगळे हातातलं काम थांबवायचे. ऑफिसात जाऊन आलेला माणूस सरळ खण रिकामा करायला लागायचा. व्हिसा कॅन्सल, महिन्याभरात देश सोडा, खलास. इंटरनॅशनल सिटीत आमच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांमधून वाळत घातलेले कपडे कमी होत गेले. पोरीच्या स्कूल व्हॅनमध्ये आधी बसायला जागा नसायची, तिथे ती एकटी मागच्या सीटवर पाय पसरून बसायला लागली. बायको एका रिअल इस्टेटच्या ऑफिसात होती, तिची नोकरी दिवाळीनंतर पहिल्या फटक्यातच गेली. म्हणजे तिघांचा तिथला मुक्काम आता माझ्या एकट्याच्या व्हिसावर होता.

खोलीत उरलो मी आणि काका.

काका गुहागरकडचे. वय अठ्ठावन्न. तिकडे साठीनंतर व्हिसा वाढवून घेणं फार अवघड, म्हणजे त्यांच्या हातात दोनच वर्षं होती. धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिचीही दोनच वर्षं राहिली होती. हा मेळ काकांनी मला इतक्यांदा सांगितला होता की मला पाठ झाला होता. "माझी साठी आणि हिची डिग्री एकदमच, साहेब. मग मी मोकळा." शेजारच्या अजमानला एका खोलीत आठजणांत राहायचे आणि पहाटे कार-लिफ्टने, म्हणजे महिन्याच्या भाड्याने ठरवलेल्या सामायिक गाडीने यायचे. पुंगळ्या धुणं, त्यांना तेल लावणं आणि नंतर पुसणं हे त्यांचं काम. पुंगळी दोन्ही तळव्यांमध्ये अशी फिरवायचे की वंगण किती लागलंय ते न बघता सांगायचे. बावीस वर्षं गल्फमध्ये काढलेला माणूस, पण मी वयाने लहान असून मला कधी एकेरी हाक मारली नाही.

या वंगणाचं थोडं सांगायला हवं. झाडल्यावर पुंगळी फुगते. तिला पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात दाबून पुन्हा मूळ मापात आणावं लागतं. कोरडीच दाबली तर ती आत अशी अडकते की डाय आणि पुंगळी दोन्हींची वाट लागते. वंगण जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्याला, म्हणजे तोंडाशी ती निमुळती होते तिथे, खळगा पडतो. शिवाय दाबून झाल्यावर ते सगळं पुसून काढायला लागतं. आणि तोंडाच्या आत ओलसर काही राहूच द्यायचं नाही, कारण आत दारू भरायची असते. आम्ही बाहेरून एक परदेशी मेण लावायचो आणि तोंडाच्या आतून डायची दांडी जाते म्हणून तिथे कोरडी ग्रॅफाइटची पूड. चार वर्षांत कधी तक्रार आली नव्हती.

त्या हिवाळ्यात मेण संपलं, पूडही संपली आणि मॅनेजरने नवी मागवायला नकार दिला. मॅनेजर लेबनीज होता. वाईट नव्हता, पण अरबाबाला, म्हणजे मालकाला, टरकून असायचा. म्हणाला, "हबीबी, इथलंच काहीतरी बघ. तुम्ही इंडियन लोक जुगाडात हुशार."

मी रास अल खोरच्या वर्कशॉपांमध्ये तीन दिवस फिरलो. खिशात चार पुंगळ्या घेऊन दुकानादुकानात जायचो. कुणी गाडीचं ग्रीस दाखवी, कुणी साखळीचा स्प्रे, कुणी सिलिकॉन. एकाने तर शिवणयंत्राचं तेल काढून दिलं. ग्रीस पुसलं जाईना, स्प्रेने खळगे पडायला लागले, आणि सिलिकॉनने एक पुंगळी डायमध्ये अशी रुतली की ती काढण्यात माझी अर्धी दुपार गेली. खरं औषध मला माहीत होतं: लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी. ते मिळतं फार्मसीत, अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या मलमात. मी काउंटरवर मागितलं तर तो मल्याळी फार्मासिस्ट हसून म्हणाला, "मुबारक हो साब, लडका या लडकी?" मी म्हटलं, रायफल. बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढीशी ट्यूब पस्तीस दिरामला, म्हणजे साडेचारशे रुपयांना. मॅनेजरने बिल बघितलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

मी चिडलो होतो, हे कबूल करतो. आणि घाबरलोही होतो. ज्याला साधं वंगण शोधता येत नाही त्या सुपरवायझरला पुढच्या गुरुवारी कोण ठेवेल?

एका शुक्रवारी सकाळी बायको पोरीच्या डोक्याला तेल लावत होती. रात्रभराच्या एसीने बाटलीत तेल गोठलं होतं. ती चमच्याने उकरून काढत होती आणि पोरगी पाय आपटत होती, "मम्मा, इट्स कोल्ड!" मी ते पांढरं तेल बोटावर घेतलं. मेणासारखं बसलं. चोळलं तर पातळ पसरलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची खोली एकोणीस अंशांवर असते, तिथे हे ओघळणार नाही, खळगा पाडणार नाही, पुसायलाही सोपं! मी बायकोला म्हटलं, "सापडलं!" ती म्हणाली, "काय सापडलं? उवा?"

रविवारी कामावर जाताना तेलाचा डबा खोलीत नेला. बाहेरून लावलं, डायमध्ये दाबलं. लोण्यात सुरी जावी तशी पुंगळी आत गेली आणि तशीच बाहेर आली. मी टाळी वाजवली. मग ग्रॅफाइटही नाही म्हणून मी म्हटलं, तोंडाच्या आतही हेच लावू, कापसाच्या काडीने, अगदी नावाला.

काका हातातली पुंगळी खाली ठेवून म्हणाले, "आत नको, साहेब."

"का?"

"बाहेरचं पुसता येतं. आतलं राहतं. हितं गोठलेलं आहे तोवर ठीक आहे ओ, बाहेर उन्हात नेल्यावर काय? दारूवर उतरंल ते."

सरळ, साधी, आपल्या घरातल्या बाटलीवरून कळणारी गोष्ट. मला ती पटली नाही असं नाही. पण मला सुचलेल्या गोष्टीत एक दहावी नापास माणूस चूक काढतोय याचा मला राग आला. मी म्हणालो, "काका, दारूगोळा कारखान्यात तुम्ही होता की मी?"

"तुम्ही होता."

"मग?"

ते कामाला लागले. थोड्या वेळाने बघतो तर काडीला चिंधी गुंडाळून प्रत्येक पुंगळी आतून पुसतायत. एकेका पुंगळीला मिनिट घेत होते. सहाशे काडतुसं त्या आठवड्यात द्यायची होती. मी ओरडलो, "हे काय चाललंय? असं केलं तर इन्शाल्ला पुढच्या वर्षी होतील! ठेवा ती चिंधी." त्यांनी चिंधीची घडी केली आणि खिशात ठेवली.

पहिला महिनाभर काही झालं नाही. हवा थंड होती, सभासद सकाळी लवकर यायचे. मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. मी घरी येऊन बायकोला ते दोनदा सांगितलं.

एप्रिलमध्ये अरबाबाने आपल्या पाहुण्यांसाठी स्पर्धा ठेवली. तंबू, गालिचे, खजूर, कहवा, सगळं साग्रसंगीत. सुरू व्हायला उशीर झाला आणि आमच्या काडतुसांचे पत्र्याचे डबे अकरा वाजेपर्यंत उघड्या उन्हात राहिले. मी ते बघितलं होतं. डब्याला हात लावला तर चटका बसला. तेव्हाही मला तोंड उघडता आलं असतं. मी डबे तेवढे टेबलाखाली सावलीत सरकवले आणि मनातल्या मनात गणपतीला नारळ बोललो.

पहिल्या पाहुण्याने चाप ओढला. टक्. नुसता घोडा पडल्याचा आवाज. दुसरं काडतूस, टक्. शेजारच्या लेनवर दोन बार नीट उडाले, तिसरा फुसका निघाला. फटाका सादळला की होतो तसा फुस्स आवाज. रेंज ऑफिसर किंचाळत धावला आणि त्याने त्या माणसाच्या हातातून रायफल ओढून घेतली. गोळी रायफलीच्या नळीतच अडकली होती. त्याच्यावर आणखी एक बार झाला असता तर नळी फुटून त्या माणसाचे डोळे गेले असते. एक पाहुणा हसला. अरबाब हसला नाही. कहव्याचा कप खाली ठेवून तो उठला आणि गाडीत जाऊन बसला.

मला आणि काकांना आमच्या खोलीत बोलावलं. मॅनेजरने माझ्याकडून दहा काडतुसं उघडून घेतली. दारू मोकळी पडेना, गोळे झाले होते. त्याने ती बोटावर घेऊन हुंगली, पुन्हा हुंगली. म्हणाला, "हा केसांच्या तेलाचा वास आहे. इंडियन तेल."

मी डोक्याला तेल लावत नाही. मॅनेजरने आधी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या काकांच्या डोक्याकडे. काकांचे पांढरे केस तेलाने चप्प बसवलेले असायचे, भांग अगदी रेघेसारखा.

"हा माणूस डोक्याला हात लावतो आणि त्याच हातांनी काम करतो का?" त्याने मला इंग्रजीत विचारलं.

काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. डबा कपाटात होता, बाहेर काढून टेबलावर ठेवायचा होता आणि म्हणायचं होतं की हे मी केलं, यांनी मला अडवलं होतं. एवढंच. पण माझ्या डोळ्यांसमोर पोरगी आली, स्कूल व्हॅनच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसलेली. मी म्हणालो, "असेल. हाताचं लागलं असेल."

काकांना इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. तेवढं पुरेसं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढ्यातली दारू कागदावर गोळा करत बसलो. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. मांडली असती तरी कुणी ऐकली असती? सुपरवायझर समोर बसला होता.

गुरुवारी इंटरकॉम वाजला तेव्हा मीच उचलला. मॅनेजर म्हणाला, म्हाताऱ्याला पाठव. मी रिसीव्हर ठेवला आणि म्हटलं, "काका, तुम्हाला बोलावलंय." एवढं वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

ते परत आले आणि खण रिकामा केला. खणात होतंच काय, एक टॉवेल, चष्म्याचं घर आणि ती घडी केलेली चिंधी. मग मला टेबलाकडे घेऊन गेले. तेल लावलेल्या चारशे पुंगळ्या उरल्या होत्या. त्या त्यांनी दोन दिवसांत गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, वाळवून, रांगेत उभ्या केल्या होत्या. तोंडं वर, एका मापात.

"आतनं पुसून ठेवल्यात सगळ्या," ते म्हणाले. "बघून घ्या."

मी म्हणालो, बघायची गरज नाही.

"डोक्याला तेल मी संध्याकाळी लावतो, साहेब. खोलीवर गेल्यावर, आंघोळ झाली की. हितं आल्या आल्या पहिले हात धुतो साबणानं. चार वर्षं बघताय तुम्ही."

"काका," मी म्हणालो, "माझी पोरगी लहान आहे हो."

"माझी मोठी आहे, म्हणून चालतंय होय?"

ते रागाने बोलले नाहीत. खरंच विचारल्यासारखे बोलले. मग टॉवेल खांद्यावर टाकून गेले. मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मलाही उलटून काही बोलता आलं असतं.

पुढच्याच आठवड्यात परदेशी मेणाचे सहा डबे आले, अरबाबाच्या हुकमावरून. ग्रॅफाइटची पूडही आली. म्हणजे मागितलं असतं, जरा जोर लावून मागितलं असतं, तर मिळालंही असतं! खोबरेल तेलाचा डबा मी घरी आणला नाही. रास अल खोरच्या एका कचराकुंडीत टाकला आणि दोनदा मागे वळून बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना.

साधारण वर्षाने मी मॅनेजरला सांगितलं. रमजानचे दिवस होते, काम कमी होतं, तो बरा बोलत होता. मी म्हणालो, ते तेल माझं होतं, म्हाताऱ्याचं नव्हतं. तो कागदावरून नजर न काढता म्हणाला, "माहीत आहे. कपाटात डबा मी पाहिला होता. दोघांतला एक कमी करायचाच होता, हबीबी. तू नाव दिलंस, माझं काम सोपं झालं. खलास." मला वाटत होतं मी मोठं पाप कबूल करतोय. त्याच्या लेखी तो एक जुना कागद होता.

त्यानंतर मला राहवेना. अजमानला जाऊन ती जुनी कार-लिफ्ट चालवणारा शोधला आणि त्याच्याकडून काकांच्या गावचा नंबर मिळवला. एका शुक्रवारी सकाळी गॅलरीत उभा राहून फोन लावला. आत बायको पोरीची वेणी घालत होती.

फोन मुलीने उचलला. मी म्हणालो, "मी दुबईहून बोलतोय. काकांबरोबर कामाला होतो." ती एकदम खूश झाली. "अय्या, दुबईचे साहेब ना? बाबा सांगायचे तुमच्याबद्दल." काय सांगायचे ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी विचारलं, "नर्सिंग झालं का गं तुझं?"

"नाही ओ, सोडलं ते. बाबा आले ना परत. आता स्टँडवर मेडिकलच्या दुकानात असते मी. बरं आहे, घराजवळ आहे. थांबा हं, बाबांना देते."

तिने फोन चालूच ठेवून बाजूला ठेवला. कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी अंगण झाडत होतं. मला तिचं बोलणं ऐकू आलं, "बाबा, तुमचे दुबईचे साहेब." झाडण्याचा आवाज थांबला. मग काकांचा आवाज आला, अगदी स्पष्ट. आवाज खाली करायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"सांग त्यांना, डोक्याला तेल लावतायत म्हणावं. हात तेलाचे आहेत."

मुलगी परत फोनवर आली. "ते ना, डोक्याला तेल लावतायत," ती म्हणाली, आणि मग जरा गोंधळून, "म्हणजे, तसं सांग म्हणाले. हात तेलाचे आहेत म्हणे, फोन धरता येत नाही. नंतर कराल?"

मी हो म्हणालो. परत केला नाही.